चिकटपट्टीवरचं नाव

वेंडल ओशिन्स्कीचं नाव आजवर बारा गावांतल्या बारा कपाटांवर लागलं होतं, आणि त्यातल्या सात ठिकाणी ते चुकीचं लिहिलेलं होतं. ओशन्स्की, ओसिन्की, एका गावात तर नुसतंच 'ओ'. ज्या खेळाडूंवर संघाची भिस्त असते त्यांच्या कपाटाला कोरलेली पाटी लागते. वेंडलसारख्या आल्यागेल्याच्या कपाटाला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर काळ्या पेनानं खरडलेलं नाव. पट्टीचा एक फायदा असतो. ओढली की निघते, मागे डागही राहत नाही, आणि संध्याकाळपर्यंत तिथे दुसऱ्याचं नाव लागतं.

वेंडल मात्र प्रत्येक गाव सोडताना आपली पट्टी आपल्या हातानं सोलून काढायचा आणि बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवायचा. दुसऱ्याच्या हातानं पट्टी निघाली की आपण संपलो, अशी त्यानं पहिल्याच वर्षी मनाची समजूत करून घेतली होती. समजूत कसली, खूळच म्हणा. पण बेसबॉलवाल्यांना खुळं नसतील तर दुसरं काय असणार? निम्मं आयुष्य बसमध्ये जातं आणि उरलेलं आपली पाळी येण्याची वाट बघण्यात.

छत्तीस वर्षांचा होता तो. डावखुरा पिचर. पंधरा वर्षं खालच्या लीगमध्ये चेंडू टाकत होता. वरच्या मोठ्या लीगमध्ये गेला एकदाच, नऊ वर्षांपूर्वी, एकोणीस दिवस. त्यात त्याला चेंडू मिळाला दोनदा. नंतर एक दिवस मॅनेजरनं खोलीत बोलावलं आणि म्हणाला, "दार लाव."

हे दोन शब्द या धंद्यात कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. मॅनेजरच्या खोलीचं दार उघडं असेल तर खुशाल आत जा, गप्पा मारा, त्याचे शेंगदाणे खा. पण 'दार लाव' म्हणाला की सामान बांधायचं. वर जायचं असो नाहीतर घरी, सामान बांधायचंच. वेंडलनं ते शब्द तेरा वेळा ऐकले होते. चांगल्यासाठी एकदा.

यंदा तो ओहायो नदीकाठच्या बेल्फोर्ड गावाच्या संघात होता. मे महिन्यात एका लांबच्या प्रवासात बसमध्ये झोपला आणि उठला तर डाव्या हाताची करंगळी उठलीच नाही. त्यानं हात झटकला, मांडीवर आपटला. आठवड्यानं शेजारचं बोटही गेलं. दुखत काही नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, निदान बोट आपलं आहे हे तरी कळलं असतं. जून लागला तेव्हा मधल्या बोटालाही मुंग्या यायला लागल्या. त्यानं कोणाला सांगितलं नाही. छत्तिसाव्या वर्षी हात दाखवायला डॉक्टरकडे जायचं म्हणजे आपल्या पायानं घरी जायचं. घरी पेन्सिल्वेनियात बायको आर्लीन होती, तिच्या भावाचं टायरचं दुकान होतं, आणि त्या दुकानात वेंडलसाठी एक जागा नऊ वर्षं राखून ठेवलेली होती. वेंडलला ती जागा नको होती. त्याला अजून एकदा वर जायचं होतं. बस, एवढंच.

जूनमधल्या एका बुधवारी दुपारी एकचा सामना होता आणि चेंडू वेंडलच्या हातात होता. साडेनऊला तो कपडे बदलायच्या खोलीत शिरला आणि पत्ते खेळणारी पोरं एकदम गप्प झाली. एकानं वर बघितलं आणि लगेच पत्त्यांत तोंड घातलं.

वेंडलचे चेंडू झेलणारा कॅचर योनेल तिथेच होता. डॉमिनिकन पोरगा, वय बावीस, तोंड म्हणजे चालू नळ. रोज सकाळी तो ओरडायचा, "आजोबा आले रे, खुर्ची द्या! आजोबा, तुमच्या काळी चेंडू दगडाचा होता म्हणे, खरं का?" त्या दिवशी योनेल बुटाची नाडी बांधत बसला. तीच नाडी, पाच मिनिटं.

म्हातारा लूथर या खोलीचा कारभारी. कपडे धुणं, बूट घासणं, खाणं लावणं, पट्ट्यांवर नावं लिहिणं, सगळं त्याच्याकडे. एप्रिलमध्ये वेंडल आला तेव्हा पेन हातात धरून त्यानं विचारलं होतं, "स्पेलिंग सांग, पोरा. सावकाश." पंधरा वर्षांत असं विचारणारा तो पहिला माणूस. त्या बुधवारी लूथरनं वेंडलची नेहमीची दोन पीनट बटरची सँडविचं त्याच्या कपाटात ठेवली आणि नजर न मिळवता टॉवेल उचलून निघून गेला.

वेंडल काय समजायचं ते समजला. ज्याचं नाव कटलंय त्याच्याशी कोणी बोलत नाही. दुष्टपणा नसतो त्यात. काय बोलणार? आणि मनात एक भीतीही असते, की हे लागण्यासारखं असेल तर?

तेवढ्यात मॅनेजर गस थॉर्नबरी आपल्या खोलीतून बाहेर आला. गस आणि वेंडल तरुणपणी एका संघात खेळलेले, एका खोलीत राहिलेले. गसचा खांदा लवकर गेला म्हणून तो लवकर शहाणा झाला.

"सामना झाला की मला भेट," गस जमिनीकडे बघत म्हणाला.

"दार लावून का?"

"आधी चेंडू टाक, मग बघू."

म्हणजे ठरलं. नवा पोरगा उद्या येणार आणि आजचे नऊ डाव कोणीतरी ओढायला हवेत. वेंडलनं सँडविच खाल्लं. ते चांगलं होतं की शिळं हे त्याला नंतर सांगता आलं नसतं. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं थोडा वेळ वाट बघितली. काहीच वाटलं नाही. जे बोटांत होतं ते वर चढत चढत छातीपर्यंत आलं असावं.

सामना सुरू झाला. वेंडल धावफलकाकडे कधीच बघायचा नाही, ही त्याची जुनी सवय. आकडे बघून कोणाचं भलं झालंय? योनेलनं बोटांची खूण करायची, यानं टाकायचं, माणूस बाद झाला तर बरं, नाही झाला तर पुढचा. त्या दिवशी तर त्याला मोजायचंही नव्हतं. चेंडू हातातून सुटत होता तो त्याचा त्यालाच कळत नव्हता. बोटांची पकड नसल्यानं चेंडू धड फिरत नव्हता, तरंगत यायचा आणि फलंदाजासमोर येऊन मध्येच बसायचा. फलंदाज हवेत काठी फिरवायचे आणि शिव्या घालत परत जायचे. तिसऱ्या डावात त्यानं चार चेंडू बाहेर टाकून एकाला फुकट सोडलं, मागे कोणाच्या तरी पायांतून चेंडू निसटला, आणि एक धाव गेली. गेली तर गेली.

चौथ्या डावापर्यंत योनेल निदान खेळापुरतं बोलत होता. पाचव्यानंतर तेही आटलं. वेंडल डगआउटमध्ये, मैदानाकडेच्या छपराखाली, येऊन बाकावर बसला की शेजारचे दोघं उठून पलीकडच्या टोकाला जायचे. त्यानं पाण्याचा पेला मागितला तर एकानं तो भरला, बाकावर ठेवला आणि पळाला. हातात द्यायला काय झालं होतं मेल्याला? सातव्या डावात वीस फुटांच्या बाकावर वेंडल मधोमध एकटा आणि बाकीचे सगळे टोकाला एकमेकांना चिकटून, पावसात कोंबड्या बसतात तसे.

आता मात्र त्याच्या डोक्यात तिडीक गेली. नाव कापलं तर कापलं, पण वाळीत टाकायचं म्हणजे काय? आठवा डाव टाकून तो आला आणि तडक गसच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"गस, एक सांग. काल ठरलं की आज सकाळी?"

गस विंचू चावल्यासारखा सरकला. "जा तिकडे. बस जाऊन."

"नाही बसत. पंधरा वर्षं झाली मला. मला काय खरूज झालीय, सगळे लांब पळताहेत ते? संपलंय हे मलाही कळतं. तोंडावर बोला की! म्हणा, वेंडल, संपलं!"

सगळ्या बाकावरून एक कण्हणं उठलं. कोणीतरी लाकडी बॅटवर टकटक टकटक ठोकायला लागलं. योनेलनं छातीवर क्रूस काढला, तीनदा थुंकला आणि दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले.

"बोलला! अरे देवा, स्वतःच बोलला! आजोबा, तोंड आवरा हो, पाया पडतो तुमच्या!"

"काय बोललो मी?"

योनेलनं नुसती हनुवटी मैदानाच्या टोकाकडे उडवली. वेंडलनं तिकडे बघितलं. धावफलकावर पाहुण्या संघाच्या नावापुढे एक धाव होती, आणि त्याच्या पुढच्या रकान्यात, जिथे फलंदाजांनी मारलेले चांगले फटके मोजतात, तिथे शून्य होतं. आठ डाव झाले होते आणि एकाही पोराला त्याच्या चेंडूवर नीट फटका मारून पहिला तळ, म्हणजे धावेचा पहिला टप्पा, गाठता आला नव्हता. अजून तिघं बाद केले की तो सामना झाला असता ज्याचं नाव डगआउटमध्ये घ्यायचं नसतं. घेतलं की दृष्ट लागते. ज्या पिचरचा असा सामना चालू असेल त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्याजवळ बसायचं नाही, त्याच्या पाण्यालाही हात लावायचा नाही. शेंबडं पोरसुद्धा पाळतं हे. वेंडलनं स्वतः दुसऱ्यांसाठी कितीदा तरी पाळलं होतं. स्वतःवर वेळ येईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं, म्हणून ओळखूच आलं नाही. नाव कापलेल्याशी आणि नाव गाजणार असलेल्याशी ही माणसं सारखीच वागतात, हे त्याला छत्तिसाव्या वर्षी कळलं.

तो मुकाट्यानं बाकाच्या मधोमध जाऊन बसला. सकाळपासून काहीच वाटत नव्हतं ना? आता वाटायला लागलं. त्याला ते शून्य हवं होतं. फार हवं होतं. बेल्फोर्ड दोन विरुद्ध एकनं पुढे होतं. त्यानं डाव्या हाताची बोटं उजव्या हातात घेऊन चोळली, चावली. मधल्या बोटावर दातांचे वळ उठले. कळलं काहीच नाही.

नववा डाव. पहिल्यानं चेंडू उंच उडवला, तो झेलला गेला. एक. दुसरा एक लांबड्या मानेचा पोरगा होता, विशीचा असेल. वेंडलनं चेंडू घट्ट धरला, निदान धरलाय असं त्याला वाटलं. त्यानं हात फिरवला, आणि चेंडू त्याला वाटलं त्याच्या आधीच सुटला. सरळ पोराच्या कानाकडे गेला. पोरगा पाठीवर आडवा झाला, हेल्मेट घरंगळत गेलं, आणि एक क्षण कोणालाच कळेना की लागलं की चुकलं. चुकलं होतं. चार बोटांनी. पोरगा उठला, पांढराफटक, कपडे झटकत उगाच हसला. पुढच्याच चेंडूवर त्यानं लांबूनच काठी लावली आणि बाद झाला. दोन.

तिसऱ्यानं हळूच टोला दिला. चेंडू लोळत लोळत वेंडलकडेच आला. पोरासोरांनी उचलून द्यावा असा चेंडू. वेंडल धावला, डाव्या हातानं उचलला आणि पहिल्या तळाकडे फेकला. चेंडू तळावरच्या खेळाडूच्या डोक्यावरून जाऊन भिंतीवर आपटला. फलंदाज धावत तळावर पोचला.

वरच्या खोलीत नोंद ठेवायला बसलेल्या माणसानं आता ठरवायचं होतं, की हा फलंदाजाचा फटका की पिचरची चूक. फटका म्हटलं की शून्य गेलं. मिनिटभर काहीच झालं नाही. मग फलकावर दिवा लागला. चूक, पिचरची. अख्ख्या मैदानानं टाळ्या पिटल्या. वेंडलच्या पंधरा वर्षांत त्याच्या चुकीला टाळ्या पडल्या त्या फक्त त्याच दिवशी. चूक कसली होती हे मात्र त्या सगळ्यांत त्याला एकट्यालाच माहीत होतं.

पुढच्यानं पहिलाच चेंडू उंच उडवला. योनेल मुखवटा फेकून त्याच्याखाली गोल गोल फिरला आणि झेल घेऊन गुडघ्यांवर बसला. तीन. संपलं, आणि या वेळी खरोखर.

मग तोंडं सुटली! नऊ डावांचं साठलेलं सगळे एकदम बोलायला लागले. योनेल वेंडलच्या पाठीवर चढला. "आजोबा! माझे आजोबा! मला तर मुतायला जायचंही भ्या वाटत होतं हो, पाचव्यापासून धरून बसलोय!" कोणी डोक्यावर बर्फाचं पाणी ओतलं. वेंडल हसत होता. तोंड हसतंय हे त्याला जाणवत होतं.

"वेंडल," गस मागून म्हणाला, "आत ये." आणि आत गेल्यावर म्हणाला, "दार लाव."

टेबलावर वेंडलचं नाव कापल्याचा कागद होता. गसनं तो त्याला दाखवला, मग मधोमध फाडला.

"सकाळी नऊला आला होता हा. खोटं बोलत नाही. पोरांना वास लागला होताच. पण सातव्या डावात वरून फोन आला. त्यांच्या एका डावखुऱ्याची पाठ धरलीय. मी म्हटलं, थांबा, आमच्याकडे काहीतरी चाललंय, नाव घेत नाही. आता तू वर जायचं. उद्या सकाळचं विमान. शुक्रवारी तू टाकणार." गसनं खिशात हात घातला. "नऊ वर्षं, मूर्खा. हे घे." आणि त्यानं शेवटच्या झेलाचा चेंडू वेंडलच्या हातात ठेवला.

वेंडल काही बोलणार तोच फरशीवर ठक्क आवाज झाला. चेंडू टेबलाखाली लोळत गेला. वेंडलनं आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. बोटं चेंडू धरल्यासारखीच वाकलेली होती.



"उचल," गस म्हणाला.

वेंडल उजव्या हातानं उचलायला वाकला.

"डाव्या हातानं."

वेंडल तसाच वाकलेला राहिला, मग सरळ झाला. चेंडू तिथेच राहिला.

"कधीपासून?"

"मे."

"कोणाला माहीत?"

"आता तुला."

गस खुर्चीत बसला. आपला जुना खांदा चोळत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "मी काही बघितलं नाही. कळतंय? चेंडू ओला होता. तू विमानात बस. एक दिवस तर एक दिवस. तिथे उभा राहा, टाक, मग म्हण हात दुखतोय. कोण काय करणार आहे?"

वेंडलला ते सगळं दिसलं. हिरवंगार मैदान, पाटीवर कोरलेलं नाव, पेन्सिल्वेनियात टीव्हीसमोर आर्लीन. आणि मग तो लांबड्या मानेचा पोरगा दिसला, पांढराफटक, उगाच हसणारा.

"तो पोरगा पडला ना," तो म्हणाला. "मला कळलंच नाही चेंडू सुटला ते. तुला कळलं, त्याला कळलं, मला नाही."

टेबलावरचा फोन वाजायला लागला. गसनं उचलला नाही.

"वरून आहे. काय सांगू?"

चार वेळा वाजला. पाच वेळा. वेंडल म्हणाला, "सांग, हात गेलाय."

"मग उपचार होतील, पगार चालू राहील मोसमभर. घरी पाठवता येणार नाही त्यांना. पण परत..."

"मला माहितेय." वेंडलनं दाराच्या कडीला हात घातला आणि तसाच थांबला. "मला जायचं होतं रे, गस. खूप जायचं होतं."

गसनं फोन उचलला.

बाहेर पोरं गाणी म्हणत होती, भिंतीवर बिअर उडवत होती. "वर चालले! आजोबा वर चालले!" योनेल ओरडला. बातमी दाराखालून निघून आधीच पोचली होती. मग वेंडलचा चेहरा दिसला आणि ओळीनं एकेक गप्प झाला. त्या दिवसातली तिसरी चुप्पी.

वेंडल आपल्या कपाटाशी गेला. बॅग उघडली. झाकणात अकरा पट्ट्या होत्या, ओशन्स्की, ओसिन्की, ओ. त्यानं कपाटावरच्या पट्टीचं टोक नखानं उचकटायला घेतलं. नख घसरलं. पुन्हा घेतलं. बोटं पट्टीवरून नुसती फिरत होती. उजवा हात होता की त्याला, पण नेहमी डाव्यानंच काढायचा म्हणून डाव्यानंच काढत राहिला. पोरं उभी राहून बघत होती, आणि कोणीही हललं नाही.

लूथर टॉवेल खांद्यावर टाकून पुढे आला.

"बाजूला सर, पोरा."

"मी काढतो."

"महिना झाला, तुझ्या शर्टाची बटणं अर्धी लावलेली असतात. कपडे मीच धुतो ना." लूथरनं जाड नख पट्टीच्या टोकाखाली घातलं आणि ती एका दमात सोलली. फाटली नाही, चुरगळली नाही. ओशिन्स्की. सगळी अक्षरं जागच्या जागी, एकही चूक नाही.

बॅगेच्या झाकणात जागा उरलेली नव्हती. लूथरनं इकडेतिकडे बघितलं, मग वेंडलचा डावा हात पुढे ओढला, पट्टी त्याच्या तीन बोटांवर आडवी ठेवली आणि अंगठ्यानं दाबत दाबत घट्ट बसवली.

"चिकटली का?" त्यानं विचारलं.

वेंडलला खाली बघावं लागलं.

"चिकटली," तो म्हणाला.